जुन्या इंजिनाची पीयूसी: कोणती मर्यादा लागते आणि गाडी तिच्यात कशी बसवायची

पंधरा-वीस-तीस वर्षांची गाडी पीयूसी (प्रदूषण तपासणी) केंद्रावर नेताना अनेकांच्या मनात धास्ती असते, की आता बीएस-६ हे नवं प्रदूषण मानक आलंय, माझं कार्ब्युरेटरचं इंजिन कसं पास होणार? ही धास्ती चुकीच्या समजुतीतून येते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम ११५ प्रमाणे प्रत्येक गाडी तिच्या बांधणीच्या काळातल्या मर्यादेवर तपासली जाते. १९९६ च्या स्कूटरला २०२० ची मर्यादा लागत नाही. आणि तिला जी मर्यादा लागते ती नीट जुळवलेल्या इंजिनाला सहज जमण्यासारखी आहे. नापास होणाऱ्या बहुतेक जुन्या गाड्यांचं दुखणं त्यांचं वय नसतं. चोंदलेला फिल्टर, थकलेला प्लग, बसलेला टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) किंवा उगाच फिरवलेला स्क्रू, अशी कारणं निघतात.

या लेखातली एक गोष्ट आधीच पक्की करा: कार्ब्युरेटरचा मिक्स्चर स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) सगळ्यात शेवटी. गाडी नापास झाली की मिस्त्रीचा हात आधी त्याच स्क्रूवर जातो. आकडा क्षणभर खालीही येतो, पण खरा दोष झाकला जातो आणि सहा महिन्यांनी तोच तिढा पुन्हा समोर येतो.

आधी आपली ओळ शोधा

आरसी काढा आणि बांधणीचा महिना-वर्ष बघा. नोंदणीची तारीख नव्हे, बांधणीची. शोरूममध्ये पडून राहिलेल्या गाडीत या दोन तारखांमध्ये काही महिन्यांचा फरक असू शकतो, आणि मर्यादा बदलण्याच्या तारखेजवळच्या गाडीला त्या फरकाने वेगळी मर्यादा लागते. पेट्रोल गाड्यांसाठी आयडलिंगवरच्या, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता इंजिन चालू असतानाच्या, मर्यादा अशा (सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, एचसी म्हणजे न जळलेलं इंधन, पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग):

दुचाकी आणि तीनचाकी, ३१ मार्च २००० पूर्वीची, टू-स्ट्रोक असो वा फोर-स्ट्रोक: सीओ ४.५ टक्के, एचसी ९००० पीपीएम.
दुचाकी आणि तीनचाकी, ३१ मार्च २००० नंतरची, टू-स्ट्रोक: सीओ ३.५ टक्के, एचसी ६००० पीपीएम.
दुचाकी आणि तीनचाकी, ३१ मार्च २००० नंतरची, फोर-स्ट्रोक: सीओ ३.५ टक्के, एचसी ४५०० पीपीएम.
चारचाकी, बीएस-२ च्या आधीची: सीओ ३ टक्के, एचसी १५०० पीपीएम.
चारचाकी, बीएस-२ आणि बीएस-३: सीओ ०.५ टक्के, एचसी ७५० पीपीएम.

बीएस-४ पासूनच्या चारचाकींना यापेक्षा कडक मर्यादा आहेत. त्यांचं इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास धरूनही मोजणी होते. जुन्या गाड्यांना ही दुसरी मोजणी नाही.

चारचाकीच्या बाबतीत घोळ होतो तो बीएस-२ च्या सीमारेषेवर. बीएस-२ देशभर एप्रिल २००५ पासून लागू झालं, पण मुंबईत ते २००१ मध्येच आलं होतं. त्यामुळे २००३ ची मुंबईत नोंदलेली गाडी बहुधा बीएस-२ असते, तर त्याच वर्षाची लहान गावातली गाडी त्याआधीच्या मानकाची असू शकते. पहिलीला सीओ ०.५ आणि दुसरीला ३, म्हणजे सहापटीचा फरक. जुन्या आरसीवर मानकाचा रकाना अनेकदा कोरा असतो. केंद्रावरच्या माणसाने अंदाजाने चुकीचं मानक निवडलं, तर चांगली गाडी नापास होते. म्हणून मोजणीआधीच पडद्यावर कोणतं मानक घेतलंय ते बघा. गाडीच्या बांधणीच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये उल्लेख असेल तर तो फोटो जवळ ठेवा.

डिझेलचं मोजमाप वेगळं. तिथे धुराची दाटी मोजतात. बीएस-४ च्या आधीच्या सर्व डिझेल गाड्यांना ६५ हार्ट्रिज युनिट, म्हणजे प्रकाशशोषणाचा गुणांक २.४५ प्रति मीटर. बीएस-४ ला ५० युनिट, म्हणजे १.६२.

वैधतेतही फरक आहे. बीएस-३ आणि त्याआधीच्या गाडीचं प्रमाणपत्र सहा महिने चालतं, बीएस-४ आणि पुढच्यांचं एक वर्ष. प्रमाणपत्र नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली दंडाची कमाल रक्कम १०,००० रुपये आहे. दिल्ली परिसरात ठरावीक वयापलीकडच्या गाड्यांवर घातलेल्या बंदीची चर्चा ऐकून महाराष्ट्रातले मालकही घाबरतात, पण तो आदेश त्या भागापुरता होता. आपल्याकडे १५ वर्षांनंतर खासगी गाडीची पुनर्नोंदणी करायची, ती पाच वर्षांसाठी मिळते, आणि त्या तपासणीला वैध पीयूसी लागते. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो.

दोन आकडे काय बोलतात

सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. पेट्रोल जास्त आणि हवा कमी असेल तर हा आकडा चढतो. त्याचा संबंध जवळपास सगळा मिश्रणाशी आहे. एचसी म्हणजे न जळलेलं इंधन. ठिणगी पडली नाही, व्हॉल्व्ह नीट बसला नाही किंवा मिश्रण इतकं पातळ झालं की पेट घेईना, तर हा आकडा उसळतो. हे एवढं लक्षात राहिलं तर पावतीवरूनच निम्मं निदान होतं.

बीएस-२ आधीच्या कारचं उदाहरण घ्या. सीओ ५.५ आणि एचसी ६०० असेल तर ठिणगी आणि व्हॉल्व्ह ठीक आहेत, मिश्रण जाड आहे. चोक, फ्लोट (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) आणि एअर फिल्टर बघा. सीओ १ आणि एचसी २२०० असेल तर मिश्रण जाड नाही, कुठेतरी मिसिंग आहे, म्हणजे इंधन मधूनमधून पेटतच नाही. प्लग, पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क), टॅपेट किंवा मॅनिफोल्डमधून (कार्ब्युरेटर ते सिलेंडरच्या वाटेवरून) शिरणारी हवा शोधा. इथे मिक्स्चर आणखी पातळ केलं तर एचसी वाढेल. दोन्ही आकडे जास्त असतील तर जाड मिश्रणाने प्लग काळा होऊन मिसिंग सुरू झालंय, किंवा रिंग-पिस्टन थकलंय. आणि दोन्ही संशयास्पद कमी असून ऑक्सिजन जास्त दिसत असेल तर आनंद मानू नका. सायलेन्सर फुटलेला आहे किंवा यंत्राची नळी पुरेशी आत गेलेली नाही.

टू-स्ट्रोकला हा ऑक्सिजनचा नियम लावू नका. तिथे ताजं मिश्रण जळालेल्या वायूला ढकलत असतानाच थोडं एक्झॉस्ट पोर्टमधून निसटतं, त्यामुळे ऑक्सिजन आणि एचसी मुळातच जास्त असतात. २००० पूर्वीच्या स्कूटरला ९००० पीपीएमची मुभा आहे ती याच कारणाने.

कामाचा क्रम

पहिलं, सायलेन्सर. इंजिन थंड असताना सुरू करा आणि मागच्या तोंडावर जाड ओला कपडा दोन-तीन सेकंद दाबा. फुसफुस आवाज कुठून येतो ते ऐका: सिलेंडरपाशी गॅसकेटमधून, जोडावरच्या क्लॅम्पमधून की खालच्या गंजलेल्या भागातून. काळी काजळीची रेघ दिसली तर तिथे गळती आहे. एक्झॉस्टचा दाब धडधडत येतो, त्यामुळे फटीतून धूर बाहेर जातो तशी बाहेरची हवा आतही ओढली जाते आणि आकडे खोटे येतात. हे काम मोकळ्या हवेतच करा. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणसाला पाडतो.

दुसरं, एअर फिल्टर. कागदी असेल तर आतून बाहेर हवा मारा, आणि उजेडासमोर धरून प्रकाश आरपार दिसत नसेल तर बदला. फोमचा असेल तर रॉकेलमध्ये धुवा, साबणाच्या पाण्यातून काढा, पूर्ण वाळवा, इंजिन ऑइलमध्ये बुडवून घट्ट पिळा. ऑइल टपकत राहिलं तर तेच मिश्रण जाड करतं. केवळ फिल्टर काढून पीयूसीला जाणारे लोक आहेत. त्याने सीओ उतरतो खरा, पण परत बसवला की मूळ दोष जसाच्या तसा.

तिसरं, ठिणगी. नवा प्लग घ्या, मॅन्युअलमधल्याच हीट रेंजचा. अंतर पॉइंटच्या गाडीत साधारण ०.५ ते ०.६ मिमी, इलेक्ट्रॉनिक इग्निशनला ०.७ च्या आसपास. पॉइंटवर खड्डा किंवा टेंगूळ असेल तर घासून वेळ मारू नका, बदला. त्याबरोबर कंडेन्सरही बदला, कारण पॉइंट जळण्यामागे बहुधा तोच असतो. पॉइंटचं अंतर ०.३५ ते ०.४५ मिमीच्या पट्ट्यात येतं, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातून घ्या. अंतर बदललं की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) सरकतं, म्हणून आधी अंतर, मग टायमिंग. प्लगची टोपी आणि केबल अंधारात बघा. निळी ठिणगी बाहेर उडत असेल तर आयडलिंगला मिसिंग नक्की.

चौथं, टॅपेट, फोर-स्ट्रोकसाठी. हा टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो, आणि न उलगडणाऱ्या जास्त एचसीचं कारण इथेच सापडतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं आपल्या बैठकीत रुततो आणि अंतर कमी होत होत शून्यावर येतं. मग व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं. टॅपेटचा आवाज येत नाही म्हणून मालक खूश असतो, पण टॅपेट जास्त शांत असणं हीच धोक्याची खूण आहे. इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, फिलर गेजने मोजा. पट्टी किंचित ओढ देत सरकली पाहिजे. बुलेटच्या जुन्या कास्ट आयर्न इंजिनात पुशरॉड बोटांनी सहज फिरायला हवा, पण वर-खाली खेळ नको.

पाचवं, गळती आणि कॉम्प्रेशन. इंजिन आयडलिंगवर ठेवून कार्ब्युरेटर आणि सिलेंडर यांच्यामधल्या रबरी जोडावर साबणाचं पाणी थेंबाथेंबाने टाका. आवाज क्षणभर बदलला तर तिथून हवा शिरतेय. तडा गेलेला रबरी जोड पाच मिनिटांत बदलता येतो, पण तो न बदलता मिक्स्चरशी तासभर झगडणारे पुष्कळ दिसतात. कॉम्प्रेशन गरम इंजिनावर, सगळे प्लग काढून, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडून मोजा. कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे ५ मिली ऑइल टाकून पुन्हा मोजा. वाढलं तर रिंगा झिजल्यात, तेवढंच राहिलं तर व्हॉल्व्ह. रिंगा गेल्या असतील तर पुढचं वाचून उपयोग नाही, आधी इंजिन उघडा.

सहावं, कार्ब्युरेटरची सफाई. फ्लोटचं भांडं उतरवा. तळाशी तपकिरी गाळ किंवा पाणी असेल तर टाकीपासूनचा पाइप आणि फिल्टरही साफ करा. पायलट जेट (आयडलिंगचं पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) कार्ब्युरेटर क्लीनरने भिजवून हवेने फुंका. त्यात तार घालू नका. भोक केसभर रुंदावलं तरी आयडलिंगचा सीओ कायमचा वाढतो आणि मग जेट बदलण्यावाचून मार्ग नाही. फ्लोटची सुई बघा. टोकावर खाच पडली असेल तर पेट्रोल पातळीच्या वर चढतं. फ्लोट हलवून बघा, आत पेट्रोल शिरल्याचा आवाज आला तर तो बाद. आणि चोक खरंच पूर्ण परत येतो का ते केबल नव्हे, थेट झडप बघून खात्री करा. जास्त सीओच्या तक्रारीत अर्धवट अडकलेला चोक वारंवार सापडतो.

इथे इथेनॉलचं एक सांगायला हवं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं. नुसत्या पेट्रोलला जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा पट. कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो जुन्याच मापाने ओततो. त्यामुळे सीओ आपोआप उतरतो, पण ज्या गाड्या आधीच पातळ जुळवलेल्या होत्या त्या आयडलिंगला अडखळतात आणि एचसीवर नापास होतात. अशा वेळी मिक्स्चर थोडं जाड करणं हाच इलाज. जुने रबरी पाइप, फ्लोटच्या सुईचं टोक आणि गॅसकेटही इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात, ते इथेनॉल सोसणाऱ्या रबराचेच घाला.

आता स्क्रू

गाडी १५ मिनिटं चालवून इंजिन पूर्ण गरम करा. मग स्क्रू कुठे आहे ते बघा, कारण दोन प्रकार एकमेकांच्या उलट चालतात. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा सोडतो: बाहेर काढला की मिश्रण पातळ. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलयुक्त मिश्रण सोडतो: बाहेर काढला की जाड. हे न बघता फिरवणारा अर्ध्या वेळा आकडा वाढवून ठेवतो.

स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या. जोराने आवळलात तर टोक चेपून बैठक खराब होते. तिथून दीड आटा बाहेर काढा. आयडलिंग दुचाकीला १२०० ते १४००, जुन्या कारला ८०० ते ९०० आरपीएमवर ठेवा. आता स्क्रू पाव आट्याने फिरवत इंजिन सर्वांत वेगाने आणि समान चालेल ती जागा शोधा. प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबा, इंजिनाला प्रतिसाद द्यायला तेवढा वेळ लागतो. ती जागा मिळाली की तिथून पातळ बाजूला फक्त अष्टमांश ते पाव आटा. आयडलिंग पुन्हा जागेवर आणा. यापुढे पातळ करण्याचा मोह टाळा: सीओ ०.५ दिसेल, पण एचसी चढेल, चढावर इंजिन तापेल आणि टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन धरण्याची भीती असते. मर्यादा ४.५ असलेल्या दुचाकीला २ ते ३ आणि ३ असलेल्या कारला दीड ते दोन सीओ ही निरोगी जागा आहे.

टू-स्ट्रोकसाठी थोडं वेगळं

चेतकच्या जातीच्या स्कूटरला २ टक्के ऑइल, म्हणजे लिटरला २० मिली. "इंजिन टिकतं" म्हणून ४० मिली टाकलं तर धूर आणि एचसी वाढतातच, शिवाय जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात पेट्रोल कमी झाल्याने मिश्रण पातळ पडतं. जेएएसओ एफसी दर्जाचं कमी धुराचं टू-टी ऑइल वापरा. आरएक्स १०० सारख्या गाडीत ऑइल पंप असतो, त्याच्या केबलची खूण जुळवून घ्या.

ऑइल योग्य असूनही दाट पांढरा धूर आणि गिअर ऑइल कमी होत असेल तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलंय. उलट मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर हवा आत शिरते, आयडलिंग आपोआप वर चढतं आणि स्क्रूने काही फरक पडत नाही. दोन्ही सीलं एकत्रच बदला. एक्झॉस्ट पोर्ट आणि सायलेन्सरचं तोंड यांवरचा कार्बन लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीने खरवडा, पोलादी स्क्रूड्रायव्हरने पिस्टनवर चरे पडतात.

कॅटलिटिक कन्व्हर्टर आणि सीएनजी

बीएस-२ आणि बीएस-३ कारला ०.५ टक्के सीओ कन्व्हर्टरशिवाय (एक्झॉस्टमधले विषारी वायू साफ करणारा भाग) अवघडच. तो साधारण ३०० अंशांना काम करू लागतो आणि केंद्रावरच्या रांगेत दहा मिनिटं आयडलिंग केलं की थंडावतो. नंबर येण्याआधी दोन-तीन मिनिटं २५०० आरपीएमवर धरा. तरी नापास झाली तर थेट नवा कन्व्हर्टर घेऊ नका, आधी लॅम्बडा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) तपासा. आळशी सेन्सर मिश्रण जाड ठेवतो, आणि नवा कन्व्हर्टरही त्याने जळतो. २००० नंतरच्या काही दुचाकींमध्ये एक्झॉस्टला हवा पुरवणारी छोटी झडप आणि नळी असते. "उगाच असते" म्हणून मिस्त्री ती काढून बोळा घालतात, आणि सीओ ३.५ च्या वर जातो. परत बसवा.

सीएनजी बसवलेल्या गाडीत मोजलेल्या एचसीला ०.३ ने गुणून मीथेन वगळलेला आकडा काढतात. यंत्रावर इंधन "पेट्रोल" निवडलेलं असेल तर हा गुणाकार होत नाही आणि गाडी विनाकारण नापास होते.

डिझेलचा धूर

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: एअर फिल्टर, नोझल (डिझेलचा फवारा मारणारी), डिझेल पंपाचं टायमिंग. निळा म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनातही पांढरा राहिला तर डिझेल अर्धवट जळतंय किंवा पाणी शिरतंय.

हार्ट्रिजचा आकडा सरळ रेषेत वाढत नाही हे ध्यानात घ्या. ६५ म्हणजे गुणांक २.४५, पण ८० म्हणजे सुमारे ३.७४. "पंधराच युनिट जास्त आहे" असं वाटलं तरी धुराची दाटी दीडपट असते, आणि ती फिल्टर बदलून उतरणार नाही. नोझल काढून फवारा बघावा लागेल. थेंब गळणारी नोझल बदला.

मोजणीत न्यूट्रलवर ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबून इंजिन गव्हर्नरच्या कमाल वेगापर्यंत नेतात, तेही पुन्हा पुन्हा. थकलेला टायमिंग बेल्ट इथे तुटू शकतो. त्यामुळे बेल्टची मुदत बघूनच जा, ऑइल वरच्या खुणेपेक्षा जास्त नको. आदल्या दिवशी नव्हे, त्याच दिवशी १५-२० किलोमीटर चांगल्या ओढीने गाडी चालवा, सायलेन्सरमधली साचलेली काजळी निघून जाते. ऑइल किमान ६० अंश गरम हवं. इंजिनाच्या डिझेल पंपावर इंधन कमी करून पास व्हायचं आणि बाहेर पडून परत वाढवायचं, हा प्रकार सर्रास चालतो. असं करू नका. तो धूर मागच्या दुचाकीवरच्या माणसाच्या छातीत जातो.

केंद्रावर

तुमच्या आधी टू-स्ट्रोक तपासली गेली असेल तर नळीत एचसी चिकटून राहतं आणि पुढच्या गाडीचा आकडा फुगतो. यंत्र मोकळ्या हवेत शून्याजवळ आल्याशिवाय नळी लावू देऊ नका. नळी किमान ३०० मिमी आत जायला हवी. बुलेट किंवा आरएक्सच्या सायलेन्सरात जाळीमुळे ती अडते, तेव्हा घट्ट बसणारी जोडनळी मागा. चोक पूर्ण मागे, दिवे आणि एसी बंद, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.

गाडी न आणता, नुसत्या फोटोवर मिळणारं प्रमाणपत्र घेऊ नका. नापास झालात तर नापासीची पावती मागून घ्या, २०२१ पासून तशी तरतूद आहे, आणि दुरुस्तीसाठी त्यावरचे आकडेच कामाचे. पास झालात तर गाडी क्रमांक, इंधन, मानक आणि वैधतेची तारीख तिथेच तपासा. सीओ-एचसीचे आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवा. मागच्या वेळी १.८ असलेला सीओ या वेळी २.७ आला, तर गाडी पास असली तरी फ्लोटची सुई आणि एअर फिल्टर पुढच्या सर्व्हिसिंगला उघडा.